एका जिल्ह्याच्या वृत्तसंस्थेची कंपनी होते तेव्हा

आमच्या माळ्यावर एसटीच्या पार्सल पावत्यांचा एक गठ्ठा अजून आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९९१ साली सोलापुरात वृत्तसंस्था सुरू केली तेव्हा बातमी पाकिटातून जायची. संध्याकाळी साडेसहापर्यंत कार्बन लावून चार प्रती लिहायच्या, पाकिटावर 'वृत्तपत्रीय मजकूर, तातडीचे' असं लाल शाईने लिहायचं आणि स्टँडवर पुण्याच्या, लातूरच्या गाडीत द्यायचं. तिकडे दैनिकाचा माणूस स्टँडवर थांबलेला असायचा. पुढे फॅक्स आला, मग ईमेल, मग व्हॉट्सॲप. काम मात्र तेच राहिलं. जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांतल्या बातम्या गोळा करायच्या, तपासायच्या आणि ज्या छोट्या दैनिकांना गावोगावी माणूस ठेवणं परवडत नाही त्यांना महिन्याच्या वर्गणीवर पुरवायच्या.

गेल्या तीन वर्षांत या संस्थेची कंपनी झाली, आणि मजकुराच्या जोडीला व्हिडिओ, पोर्टल, ऑडिओ असं सगळं उभं राहिलं. वर्षभरात दुसऱ्या जिल्ह्यांतून चार फोन आले, 'ताई, तुम्ही नेमकं काय काय केलंत?' म्हणून. फोनवर प्रत्येकाला अर्धवटच सांगून झालं. म्हणून एकदा क्रमाने सगळं लिहिते, तारखा, खर्च आणि अडलेल्या जागांसकट.

सुरुवात झाली १० जुलै २०२२ला, आषाढीच्या दिवशी. कोरोनाच्या दोन वर्षांनंतरची ती पहिली पूर्ण वारी होती. दुपारी एका वाहिनीच्या डेस्कवरून फोन आला, "फीड आहे का? लगेच लागेल, पैसे देतो." आमच्या पंढरपूरच्या बातमीदारांनी मोबाइलवर चाळीस सेकंदांचं फीड, म्हणजे चित्रण, घेतलं होतं. उभं धरलेलं, हललेलं, वाऱ्याच्या आवाजात टाळ-मृदंग बुडालेले. ते त्यांनी घेतलं नाही. त्याच दिवशी आमचा मजकूर नऊ दैनिकांत लागला होता. रात्री जेवताना अण्णा एवढंच म्हणाले, "बातमी आपल्याकडं होती, आणि द्यायला काही नव्हतं."

२०१९मध्ये आमच्याकडे बावीस वर्गणीदार दैनिकं होती. २०२२मध्ये तेरा उरली. काही बंद पडली, काहींनी पानं कमी केली. दर दैनिकामागे महिना तीन हजार. त्यातून दोन माणसांचे पगार, अकरा बातमीदारांचं मानधन आणि ऑफिसचं भाडं भागत नव्हतं. अण्णा तेव्हा अडुसष्ट वर्षांचे. संस्था एकट्या त्यांच्या नावावर. मला रात्री झोप लागायची नाही ती याच विचाराने.

फेब्रुवारी २०२३मध्ये पीटीआयने, म्हणजे देशातल्या मोठ्या वृत्तसंस्थेने, व्हिडिओ सेवा सुरू केल्याची बातमी अण्णांनी मला मोठ्याने वाचून दाखवली. त्यांना वृत्तसंस्थांचा इतिहास तोंडपाठ. पीटीआयचं काम १९४९मध्ये सुरू झालं, हिंदीतली 'भाषा' सेवा १९८६मध्ये आली, आणि ही व्हिडिओ सेवा २०२३मध्ये. हिंदुस्थान समाचार १९४८मध्ये दादासाहेब आपट्यांनी उभी केली. आणीबाणीत १९७६ साली पीटीआय, यूएनआय, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चारही संस्था दाबून एकच 'समाचार' केली, ती १९७८मध्ये पुन्हा वेगळी झाली. "एवढ्या मोठ्या संस्थेला इतकी वर्षं लागली, आपण सावकाश जाऊ," असं ते म्हणाले. मला त्या वाक्याचा फार आधार वाटला.

मार्च २०२३मध्ये सीएंकडे गेलो. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलेली एक गोष्ट मी तीनदा विचारून घेतली, आणि तुम्हीही घ्या. जीएसटीच्या सूट-यादीत बातमीची एक नोंद आहे: बातमी गोळा करण्याची किंवा पुरवण्याची सेवा स्वतंत्र पत्रकार, पीटीआय किंवा यूएनआय देत असेल तर तिच्यावर कर नाही. तीनच नावं. अण्णा एकटे होते तोवर सीएंच्या मते ते स्वतंत्र पत्रकारात बसत होते. कंपनी झाली की ती पत्रकारही नाही आणि पीटीआय-यूएनआयही नाही. तिच्या बिलावर १८ टक्के. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, आणि आमची तेव्हा आतच होती. पण व्हिडिओ विकत घेणाऱ्या वाहिन्यांना जीएसटी क्रमांकाशिवाय विक्रेता नको होता. आणि एकदा क्रमांक घेतला की कर एकाला लावला नि दुसऱ्याला नाही, असं करता येत नाही. हा हिशेब कंपनी काढायच्या आधी कागदावर मांडा. आम्ही मांडला तरी त्याची झळ पुढे बसली, ती सांगतेच.

मग कंपनी कशाला? दोन कारणं होती. मालकी एकट्याची असली की तो माणूस गेल्यावर सगळे करार त्याच्यासोबत जातात. आणि बातमीवरून कुणी दावा लावला तर राहत्या घरापर्यंत येऊ नये. अण्णांसमोर पहिलं कारण बोलायला मला जड गेलं. शेवटी तेच म्हणाले, "माझ्यामागं तुला पुन्हा शून्यापासून नको."

मे २०२३मध्ये आम्हा दोघांच्या डिजिटल सह्या काढल्या. मग कंपनी नोंदणीचा 'स्पाइस प्लस' फॉर्म. त्याच्या पहिल्या भागात नाव राखून घ्यायचं, फी एक हजार रुपये, नावाचे दोन पर्याय. आमचे दोन्ही पर्याय परत आले, कारण एक कुणाच्या ट्रेडमार्कशी मिळतंजुळतं आणि दुसरं आधीच्या कंपनीशी. दुरुस्त करून पाठवायची संधी एकदाच मिळते, म्हणून आठवडाभर नुसती नावं शोधत बसलो. शेवटी अण्णांच्या गावाचं नाव पुढे जोडलं तेव्हा मंजूर झालं. मंजूर नाव वीस दिवसच टिकतं आणि तेवढ्यात बाकीचे कागद जोडावे लागतात. इथे आमचं घोडं अडलं. ऑफिसचं वीजबिल आजोबांच्या नावावर होतं आणि आजोबा जाऊन बारा वर्षं झालेली. बिल दोन महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही आणि जागामालकाचं ना-हरकत पत्र लागतं. वारसनोंद, नाव बदलणं यात मुदत संपली. पुन्हा हजार रुपये, पुन्हा नाव. तुम्ही हे करणार असाल तर आज उठून आधी वीजबिलावरचं नाव बघा.

२१ जुलै २०२३ला संध्याकाळी पावणेआठला प्रमाणपत्राचा ईमेल आला. पॅन आणि टॅन (कर कापून भरण्याचा क्रमांक) सोबतच आले. अण्णांनी प्रिंट काढायला लावली आणि देवापुढे ठेवली. आमचा एकूण खर्च सीएंच्या फीसकट साडेचौदा हजार. त्यानंतर बँकेत चालू खातं उघडायला सव्वीस दिवस लागले, कारण 'वृत्तसंस्था' हा व्यवसाय कुठल्या रकान्यात टाकायचा ते त्या शाखेत कुणाला ठरवता येत नव्हतं. त्यावर उपाय नंतर कळला. उद्यमची, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी, नोंदणी आधी करा. ती फुकट आहे, आधारवर होते, आणि तिच्यात व्यवसायाचा कोड असतो. वृत्तसंस्थेचा कोड ६३९१०. ते पान दाखवलं आणि अर्ज पुढे सरकला. उद्यमसाठी पैसे मागणारी संकेतस्थळं आणि फोन भरपूर आहेत, एक रुपयाही देऊ नका.

अजून दोन मुदती. पहिला लेखापरीक्षक तीस दिवसांत नेमायचा. आणि भागभांडवल खात्यात भरून, व्यवसाय सुरू केल्याचं घोषणापत्र १८० दिवसांच्या आत द्यायचं. ते चुकलं तर कंपनीला पन्नास हजार दंड. खात्याला उशीर झाल्यामुळे आमच्या मनात ही दुसरी तारीख सतत टोचत होती. मी भिंतीवर लाल पेनाने १७ जानेवारी लिहून ठेवलं होतं. नोव्हेंबरात भरून टाकलं.

जीएसटी क्रमांक ऑगस्टअखेर आला. बिलावर वृत्तपत्रांना दिलेल्या सेवेसाठी ९९८४४१ आणि दृक्‌श्राव्य माध्यमांना दिलेल्या सेवेसाठी ९९८४४३ असे दोन वेगळे कोड आहेत, ते पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा, नाहीतर वर्षाअखेरी कुठून किती आलं ते कळत नाही. आता झळ. पहिलं ३,५४० रुपयांचं बिल गेल्यावर एका साप्ताहिकाच्या संपादकांनी फोन केला. त्यांची स्वतःची उलाढाल एवढीशी, जीएसटी नोंदणी नाही, म्हणजे आमचा कर त्यांना कुठूनच परत मिळणार नव्हता. ते रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "ताई, पाचशे चाळीस म्हणजे माझ्या अंक टाकणाऱ्या पोराचा आठवडा." त्या रात्री आम्ही ठरवलं की छोट्यांसाठी एकूण रक्कम तीन हजारच ठेवायची, म्हणजे २,५४२ आणि त्यावर कर ४५८. महिन्याला जवळजवळ सहा हजारांची खोट आम्ही सोसली. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो. ती मंडळी नसती तर ही संस्था १९९५च्या पुढे गेलीच नसती.

सगळ्यात कठीण भाग यानंतर आला, आणि तो सरकारी कार्यालयात घडला नाही. तो घडला बार्शीला, आमच्या सगळ्यात जुन्या बातमीदारांच्या ओसरीवर.

व्हिडिओ विकायचा तर वाहिनी विचारते, हक्क कुणाचे? वकिलांनी समजावलं ते असं: पगारी नोकराने केलेलं काम सहसा मालकाचं, पण मानधनावरच्या माणसाने स्वतःहून घेतलेला फोटो किंवा चित्रण त्याचंच, जोवर तो लेखी देत नाही. लेखी दिलं पण मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतंच. म्हणजे अण्णांच्या कपाटातले तीस वर्षांचे फोटो आम्ही हक्काने विकू शकत नव्हतो. एकाही बातमीदाराशी एका ओळीचाही करार नव्हता.

सप्टेंबर २०२३मध्ये मी कराराचा मसुदा घेऊन बार्शीला गेले. वकिलांनी इंग्रजीत केलेली नऊ पानं. काकांनी चष्मा लावला, पहिलं पान वाचलं, दुसरं उलटलं, आणि कागद सरळ करून माझ्या हातात परत दिला. "अण्णांनी पाठवलंय का हे?" मी हो म्हटलं. "एकतीस वर्षांत कागद लागला न्हाई. आता माझा भरवसा राहिला न्हाई व्हय?" काकू आतून चहा घेऊन आल्या त्याही गप्प उभ्या राहिल्या. मला काही सुचेना. परतीच्या गाडीत मी रडले.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा काकांचं दुःख वेगळंच आहे हे दिसलं. वृत्तसंस्थेच्या बातमीदाराचं नाव कुठेच येत नाही. दैनिकात 'वृत्तसंस्था' छापतात किंवा तेही नाही. एकतीस वर्षं ज्याचं नाव छापलं गेलं नाही त्याच्याकडे आम्ही सही मागायला गेलो होतो, तीही सगळे हक्क सोडून देण्यावर. मसुदा नव्याने केला, मराठीत, दोन पानी. मजकुराचे हक्क संस्थेचे. व्हिडिओ आणि फोटोंचे हक्क संस्थेला दहा वर्षांसाठी, जगभर. विक्रीतला चाळीस टक्के वाटा बातमीदाराचा, महिनाअखेर खात्यात. जुन्या फोटोंनाही तोच वाटा. आणि संस्था जिथे जिथे स्वतः प्रसिद्ध करेल तिथे बातमीदाराचं नाव. दुसऱ्यांदा अण्णा स्वतः आले. काकांनी पूर्ण वाचून शेवटच्या कलमाखाली बोट ठेवलं, "हे नक्की ना?" आणि सही केली. डिसेंबरपर्यंत अकराही करार झाले. तेव्हा शंभराचा मुद्रांक चालला; ऑक्टोबर २०२४पासून आपल्याकडे पाचशेचा लागतो. करार मातृभाषेत करा आणि घरी जाऊन करा, एवढंच सांगते.

त्याच हिवाळ्यात जुनं भांडार पोर्टलवर आणायचं काम काढलं. १९९९पासून आमचं टायपिंग श्रीलिपीत, कारण सगळी दैनिकं पानं त्याच फाँटमध्ये लावायची. सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलायचं होतं. सीडींवरचं २००३ ते २००५चं बरंच उघडलंच नाही, ते गेलं. बाकी एकसष्ट हजार फायली. रूपांतर करणारं सॉफ्टवेअर मिळालं, जानेवारी २०२४मध्ये सगळं बदलून झालं, आणि आम्ही शोध घेऊन बघितला. मी टाइप केलं, 'शेतकऱ्यांना'. पंचवीस वर्षांच्या भांडारातून एकवीस बातम्या आल्या.

मला वाटलं फायली हरवल्या. दोन दिवस पोटात गोळा. मग अभियांत्रिकीला असलेल्या भाच्याने ते एक अक्षर सुटं करून दाखवलं. आपण जो 'ऱ्या' लिहितो तो संगणकात एकाच प्रकारे साठवला जात नाही. एका प्रकारात नुक्त्याचा स्वतंत्र ऱ आणि त्याला हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त, आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. तिसऱ्यात साधा र आणि वेगळा नुक्ता. पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखे, शोधणाऱ्या यंत्राला मात्र तीन वेगळे शब्द. आमच्या रूपांतरात सगळे दुसऱ्या प्रकारचे झाले होते आणि मोबाइलवर टाइप केलेले पहिल्या. शेतकऱ्यांच्या, वारकऱ्यांच्या, कर्मचाऱ्यांच्या बातम्या हाच ज्या संस्थेचा जन्माचा धंदा, तिच्या भांडारात नेमके तेच शब्द सापडत नव्हते. भाच्याने सगळं पहिल्या प्रकारात आणलं आणि शोधाच्या रकान्यालाही तीच सवय लावली. पुन्हा टाइप केलं तेव्हा आकडा हजारांत होता. मराठी भांडार चढवणाऱ्या प्रत्येकाने हा एक शब्द तपासून बघावाच.

पोर्टल सुरू केलं गुढीपाडव्याला, ९ एप्रिल २०२४. साइट बांधायला बेचाळीस हजार, सर्व्हर वर्षाला अकरा हजार. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे बातम्यांच्या डिजिटल प्रकाशकाने तीस दिवसांत माहिती व प्रसारण मंत्रालयाला ठरलेल्या नमुन्यात आपली माहिती द्यायची असते, ती दिली. ही नुसती माहिती आहे, परवाना किंवा मान्यता नव्हे. हे ठळक सांगते, कारण त्याच महिन्यात एका एजंटाने 'यूट्यूब चॅनलची केंद्र सरकारी नोंदणी' करून देतो म्हणून पंचवीस हजार मागितले. अशी नोंदणी नाही. १ मार्च २०२४पासून लागू झालेला नवा प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा छापील नियतकालिकांसाठी आहे. वृत्तसंस्था, पोर्टल आणि यूट्यूब त्यात येत नाहीत. साप्ताहिक काढायचं असेल तरच प्रेस सेवा पोर्टलवर जा.

नियमांतल्या नीतिसंहितेच्या आणि त्रिस्तरीय तक्रार यंत्रणेच्या दोन पोटनियमांना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१मध्ये स्थगिती दिली होती. वकिलांनी तेही सांगितलं. तरी आम्ही तक्रार अधिकारी नेमला, म्हणजे मीच, आणि चोवीस तासांत पोच, पंधरा दिवसांत निकाल ही शिस्त स्वतःला लावून घेतली. पहिली तक्रार लोकसभेच्या प्रचारात आली, सोलापूर-माढ्याचं मतदान ७ मेला होतं त्याच्या पाच दिवस आधी. टँकरच्या बातमीत आम्ही एका वडगावऐवजी दुसऱ्या तालुक्यातलं वडगाव लिहिलं होतं. पोर्टलवर दोन मिनिटांत दुरुस्त झालं. पण तीच चूक सहा दैनिकांत छापून गेली होती आणि व्हॉट्सॲपवरही फिरत होती. तेव्हापासून एक वही केली आहे: कुठली बातमी कुठे कुठे गेली आणि दुरुस्ती कुठे कुठे पोचली. माध्यमं वाढली की एका चुकीची घरंही वाढतात, आणि प्रत्येक दारात जाऊन माफी मागावी लागते.

पोर्टलने आणखी एक जखम केली. पंढरपूरच्या एका वर्गणीदार संपादकांनी महिन्याभरात फोन केला. "तुम्हीच दुकान उघडलंत, मग आम्ही माल कशाला घ्यायचा?" त्यांचं खरं होतं. तीस वर्षं आम्ही त्यांच्या मागे उभे होतो आणि एका सकाळी त्यांच्या शेजारी येऊन बसलो. मे २०२४मध्ये सगळ्या वर्गणीदारांना ऑफिसात बोलावलं, तेरापैकी दहा आले. तीन तास बोलणं झालं. ठरलं ते असं: मजकूर रात्री आठला दैनिकांना, पोर्टलवर दुसऱ्या दिवशी सकाळी आठनंतर. व्हिडिओ वाहिन्यांना लगेच, यूट्यूबवर सगळ्यात शेवटी. दैनिकांना आमच्या व्हिडिओंचे क्यूआर पानावर छापायला मोफत. जीवितहानी किंवा पुराच्या इशाऱ्याची बातमी असेल तर सगळीकडे एकदम. तरीही दोघांनी वर्गणी बंद केली. त्यातले एक यंदा परत आलेत.

१७ जुलै २०२४ची आषाढी ही आमची पहिली नीट केलेली व्हिडिओ कामगिरी. जुना कॅमेरा अडतीस हजारांना, दोन माइक, एक स्टँड. पुण्याच्या एका कॅमेरामनने दोन दिवस शिकवलं होतं: मोबाइल आडवा, प्रत्येक शॉट दहा सेकंद न हलता, लांबून, मधून, जवळून, बाइट (बोलणाऱ्याचा तुकडा) वेगळी, आणि मूळ आवाज कधी काढून टाकायचा नाही. वाहिनीला चिन्ह नसलेलं स्वच्छ फीड आणि सोबत एक कागद: कुठे, केव्हा, कोण बोलतंय. तो कागद लिहायला आमच्या बातमीदारांना काहीच शिकवावं लागलं नाही, तो तर जन्मभर लिहीतच होते.

सकाळी नऊला चंद्रभागेच्या वाळवंटात नेटवर्क पूर्ण बसलं. लाखो माणसं, सगळ्यांच्या हातात फोन. अर्धा जीबीची फाइल एक टक्क्यावर. वाहिनी दर पाच मिनिटांनी फोन करत होती, तोही अर्धाच लागायचा. मी सोलापुरात हातपाय गाळून बसले होते. अण्णांनी फोन हातात घेतला आणि पंढरपूरच्या बातमीदारांना सांगितलं, "कार्ड पाकिटात घाला. स्टँडवर जा. सोलापूरच्या गाडीत आपला माणूस बसवा." बहात्तर किलोमीटर. साडेबाराला मी स्टँडवर पाकीट घेतलं. अण्णांनी सांगितल्याप्रमाणे बाहेर लाल शाईने लिहिलेलं होतं. पाऊणला फीड गेलं आणि दोन वाहिन्यांनी घेतलं. आता दर वारीला दोन कार्डं आणि एक मोटारसायकलवाला ठरलेला असतो.

यूट्यूब ऑगस्ट २०२४मध्ये सुरू केलं. जाहिरातीच्या पैशांसाठी एक हजार सदस्य आणि बारा महिन्यांत चार हजार तास पाहिलं जाणं लागतं. हे आम्हाला मार्च २०२५ला जमलं. मग पत्त्याच्या पडताळणीचा पिन टपालाने येतो. पहिलं पत्र आलंच नाही, दुसरं पाच आठवड्यांनी आलं. पोस्टमनला आधी सांगून ठेवा, साधं पाकीट असतं. अमेरिकी कराचा फॉर्म कंपनीच्या नावाने भरा, तिथल्या प्रेक्षकांपासूनच्या कमाईवर मग १५ टक्केच कापतात. गड्ड्याच्या यात्रेच्या व्हिडिओत मागे लाऊडस्पीकरवर भक्तिगीत लागलेलं होतं, त्यावर एका संगीत कंपनीचा दावा आला. दावा आणि स्ट्राइक (यूट्यूबने चॅनलवर लावलेला ठपका) वेगळे. दाव्यात कमाई जाते, चॅनल जात नाही. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक आले तर चॅनल बंद होऊ शकतं. घाबरून सगळं काढून टाकू नका, आधी नोटीस नीट वाचा. यूट्यूबची कमाई अजून आमच्या वीजबिलापुरतीच आहे, हेही सांगायला हवं.

सगळ्यात जास्त ऐकलं गेलं ते मात्र आम्ही जवळजवळ सहज सुरू केलेलं: रोज दुपारी चार मिनिटांचा ऑडिओ, बाजार समितीतले कांद्याचे भाव आणि तीन बातम्या. नंतर आठवड्यातून दोनदा तेलुगू आणि कन्नडमध्येही, कारण हे सोलापूर आहे.

सप्टेंबर २०२५मध्ये सीनेला महापूर आला. करमाळा, माढा, मोहोळ, नदीकाठची गावंच्या गावं पाण्यात. त्या आठवड्यात सगळं एकदम चाललं: मजकूर, फीड, पोर्टल, आणि ऑडिओ तर दिवसातून चारदा, कुठला रस्ता बंद आणि कुठे निवारा आहे एवढंच सांगणारा. भांडारात 'शेतकऱ्यांना भरपाई' शोधलं तर ऑक्टोबर २०२०च्या अतिवृष्टीच्या बातम्या गावांच्या नावांसह समोर आल्या, त्या आम्ही तशाच पुन्हा दैनिकांना पाठवल्या. बार्शीचे काका सत्तरीत आहेत; ते दोन दिवस माढ्याच्या आमच्या बातमीदार पोराबरोबर ट्रॅक्टरवर उभे राहून फिरले.

महिनाअखेर मी वाट्याचा तक्ता केला. त्या आठवड्याचे अकरा शॉट विकले गेले होते, काकांच्या खात्यावर ९,२०० रुपये जमा झाले. मी फोन करून सांगितलं. त्यांनी रक्कम ऐकली, बरं म्हणाले, आणि मग विचारलं, "पोर्टलवर नाव दोघांचं टाकलंय न्हवं? पोराचं आधी टाक."